कॉफीयंत्राचा पेहराव

हैदराबादच्या बेगम बाजारात भांडे पसंत पडले, तराजूत त्याचे वजन झाले आणि पैसे मोजून झाले, की दुकानदार गिऱ्हाइकाला एक शेवटचा प्रश्न विचारतो : "नाम डालना क्या?" मराठी घरांत यालाच भांड्यावर नाव घालणे असे म्हणतात. होकार मिळाला, की कारागीर ते भांडे मांडीवर घेतो आणि बारीक टोकाच्या छिन्नीने टिंबाटिंबांची अक्षरे उमटवू लागतो. अलीकडे छिन्नीहातोडीची जागा पुष्कळ ठिकाणी विजेवर थरथरणाऱ्या लेखणीने घेतली आहे. तिने काढलेले अक्षर अधिक गोंडस दिसते, परंतु हाताच्या टिंबाइतके खोल जात नाही. आडनाव, गाव, साल एवढा मजकूर नेहमीचा. भांडे आहेराचे असेल, तर 'चि. सौ. कां.' पासून 'मामाकडून सप्रेम भेट' येथपर्यंतचा सारा मायना त्या गोलाईवर बसवावा लागतो, आणि मामांचे नाव लांबलचक असल्यास शेवटची अक्षरे काठाखाली दाटीने उभी राहतात.

या अक्षरांमागे हौस होती तशी गरजही होती. एका घरच्या कार्याला पाच घरची पातेली, पराती आणि तपेली जमत. पंगती उठल्यावर घासूनपुसून ठेवलेल्या त्या ढिगातून आपले भांडे ओळखायचे ते नावावरून. दुकानात एकाच साच्याच्या शंभर वस्तू रचलेल्या असतात. त्यांतली एक नाव पडताच त्या घरची होऊन जाते. वस्तूला आपलेपण देण्याचा हा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणावा लागेल.

मुसी नदीच्या उत्तरेस, अफझलगंजाच्या पाठीमागे पसरलेली ही पेठ दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसली, आणि त्यावरूनच तिला बेगम बाजार हे नाव पडले, असे सांगतात. निजाम अली खान यांची कारकीर्द १७६२ ते १८०३ अशी झाली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे नांदेड-परभणीकडच्या कुटुंबांना या शहराच्या बाजारपेठा परक्या नव्हत्या. तांबे, पितळ, पोलाद, मसाला, सुकामेवा, बोहारणीच्या टोपलीत शोभावी अशी किरकोळ जिन्नसे आणि शंभर माणसांचा भात शिजेल अशी डेगची, हे सारे येथे एकमेकांना खेटून विकले जाते.

अशा या भांड्यांच्या जगात आता एक नवे भांडे आले आहे. त्याला भांडे म्हटल्याने त्याचे मालक कदाचित रुष्ट होतील. परंतु पाणी तापविणारे, वाफ धरणारे आणि पेय गाळून देणारे पात्र या अर्थाने घरगुती एस्प्रेसो यंत्र हे भांडेच होय. पितळी फिल्टरची कॉफी ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या चालत आली, अशा अनेक कुटुंबांच्या ओट्यावर आज हे यंत्र दिसते. ते बरेच महाग असते. ते फडताळात ठेवता येत नाही, चोवीस तास डोळ्यांसमोर राहते, आणि त्याच्या दर्शनी भागावर घरमालकाचे नव्हे तर कारखानदाराचे नाव ठळक अक्षरांत असते. साहजिकच वर्ष-सहा महिन्यांनी मालकाच्या मनात येते, की याची काळी प्लास्टिकची मूठ काढून लाकडाची बसवावी, करडा पत्रा गडद हिरवा करावा, आतले तांबे बाहेर दिसू द्यावे. ही इच्छा मुळीच हास्यास्पद नाही. मात्र ती पुरी करण्यापूर्वी जो प्रश्न विचारावयास हवा, तो बेगम बाजारातील जुना व्यापारी कोणत्याही भांड्याविषयी प्रथम विचारील तोच आहे : हे कशाचे आहे?

या यंत्राचे रूप मुळात कसे घडले हे पाहिले, म्हणजे त्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. वाफेच्या दाबाने कॉफी काढण्याचे पहिले पेटंट १८८४ मध्ये इटलीतील तुरिन येथे आंजेलो मोरिओंदो याने घेतले. पुढे मिलानच्या लुइजी बेझ्झेरा याने १९०१ मध्ये एकेक पेला ताजा काढून देणारे यंत्र योजले, आणि देझिदेरिओ पाव्होनी याने ते बाजारात आणले. ही आरंभीची यंत्रे उंच, नळकांड्यासारखी उभी असत. त्यांच्यावर तांब्यापितळेचा घुमट असे आणि पुष्कळदा त्या घुमटावर पंख पसरलेला गरुड बसविलेला असे. ही उंची शोभेखातर आलेली नव्हती. आतला बॉयलर उभा होता, म्हणून यंत्र उभे होते. सजावट त्या आकारावर मागाहून चढली. या यंत्रांत वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दीडपटीच्या आसपासच राही, त्यामुळे कॉफी उकळत्या वाफेने करपल्यासारखी लागे आणि तिच्यावर साय धरत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अखिले गाज्जिया याने स्प्रिंग आणि दट्ट्या यांच्या जोरावर पाणी नऊपट दाबाने कॉफीतून ढकलणारे यंत्र आणले. पेल्यावर तांबूस फेसाची साय आली, तिलाच इटालियन लोक 'क्रेमा' म्हणतात. आता उंच बॉयलरची गरज उरली नाही. तो आडवा झाला आणि त्याबरोबर यंत्राचे रूपही आडवे झाले. १९४८ मध्ये वास्तुशिल्पी जिओ पोंती याने पाव्होनी कारखान्यासाठी काढलेला आडवा, शिंगांसारख्या वळणदार नळ्यांचा, क्रोमने लखलखणारा नमुना आजही शिल्पासारखा मानला जातो. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई ६१' या यंत्राने दट्ट्याचे काम विजेच्या पंपाकडे दिले. त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याचे हे नाव पडले. त्याचे जाड पितळी, क्रोमचा मुलामा दिलेले नाकाड इतके लोकप्रिय झाले, की आजच्या अनेक घरगुती यंत्रांवरही जवळजवळ तसेच नाकाड आढळते. त्याचा जाडपणाही शोभेचा नव्हे. एवढे पितळ एकदा तापले, की ते पाण्याची उष्णता स्थिर ठेवते.

आपल्याकडे 'एस्प्रेसो' हा शब्द प्रथम लग्नाच्या मांडवात पोहोचला, आणि तो निराळ्याच अर्थाने. दूध, साखर आणि पाण्यात विरघळणारी कॉफीपूड एका भांड्यात घेऊन त्यात वाफेची नळी बुडवावयाची, मोठा फुसफुसाट व्हावयाचा आणि वर आलेल्या फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरावयाची, हा प्रकार मागच्या पिढीला चांगला स्मरत असेल. त्या यंत्रात एस्प्रेसो नव्हतीच. होता तो वाफेचा बॉयलर आणि त्याचा थाट. तरीही पाहुण्यांचा घोळका त्याच्याभोवती जमे, याचे निम्मे श्रेय त्या चकाकत्या धातूला द्यावयास हवे.

तर मग घरातले यंत्र कशाचे आहे? येथे बाजारातील जुनी रीत उपयोगी पडते. भांडे घेताना गिऱ्हाईक त्याला टिचकी मारून पाहते. पितळेचा नाद वेगळा, पातळ पत्र्याचा वेगळा आणि प्लास्टिकला तर नादच नाही. चांदीसारखे चमकणारे पुष्कळ भाग प्रत्यक्षात प्लास्टिकवर धातूचा मुलामा दिलेले असतात, आणि ते टिचकीसरशी उघडे पडतात. त्यानंतर लोहचुंबक लावून पाहावे. साध्या लोखंडी पत्र्यावर रंग दिलेला असेल, तर तो चुंबकाला घट्ट ओढतो. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम मुळीच ओढत नाहीत. भांड्यांच्या नेहमीच्या स्टेनलेस पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. हे पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. पण हलक्या जातीचे, निकेल नसलेले स्टेनलेस मात्र चिकटते. एवढ्या दोन कसोट्यांनी निम्मे अज्ञान दूर होते.

पोलादाचे रूप बदलणे सर्वांत सोपे. त्यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार करते. तो खरवडला गेला तरी आपोआप पुन्हा धरतो. म्हणून स्टेनलेसला कापडी चाकावर घासून आरसा करता येतो, किंवा उलट बारीक खरकागदाने एकाच दिशेने रेघा ओढून मंद, रेशमी पोत देता येतो. दिशा मात्र एकच हवी. आडवा एक ओरखडा उभ्या शंभरांत उठून दिसतो. लोखंडी काथ्याने घासण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा. त्याचे सूक्ष्म कण पोलादात रुततात आणि काही दिवसांनी न गंजणाऱ्या धातूवर गंजाचे ठिपके उगवतात. मग दोष धातूला दिला जातो.

तांब्यापितळेची गोष्ट याहून नाजूक आहे. चिंच, लिंबू-मीठ किंवा पीतांबरी यांनी ही भांडी लख्ख होतात हे कोणाही गृहिणीला सांगावयास नको. परंतु तपेले विसळून पालथे घालता येते, यंत्र येत नाही. आंबट द्रव स्क्रूच्या आट्यांत आणि पत्र्याच्या सांध्यात शिरला, तर तेथेच राहतो व आतून धातू खातो. तेव्हा जो भाग सोडवून वेगळा करता येईल, तोच असा घासावा. चकाकी टिकावी म्हणून पितळेवर पारदर्शक लॅकर चढवितात. समईवर तो वर्षानुवर्षे टिकतो. पण जेथे रोज वाफ आणि उष्णता लागते तेथे तो पिवळा पडून पापुद्र्याने सुटतो, आणि अर्धे उजळ, अर्धे काळे असे पितळ काहीच न केलेल्या पितळेपेक्षा वाईट दिसते. याहून शहाणपणाचा मार्ग तांब्याला त्याच्या रंगाने मावळू देण्याचा. देवघरातील घंटेला वयाने येणारा रंग ज्यांना आवडतो, त्यांना यंत्रावरचा तो रंगही आवडावा.

खरी चूक घडते ती क्रोमच्या मुलाम्याच्या बाबतीत. कॉफीची पूड दाबून बसवायची ती दांड्याची जड गाळणी बहुतेक चांगल्या यंत्रांत पितळेची असून तिच्यावर निकेलचा व त्यावर क्रोमचा थर असतो. क्रोमचा हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. मूळचे सोनेरी पितळ दिसावे, या हौसेने काही जण हा मुलामा काढून घेतात. पॉलिशच्या चाकाला त्यासाठी फार वेळ लागत नाही. बाहेरून गाळणी मोठी देखणी होते, यात संशय नाही. पण चाक आतूनही फिरलेले असते.

मराठीत 'कळकणे' म्हणून एक क्रियापद आहे. नुसत्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली, की ती कळकते. तिला हिरवट कडवट चव येते आणि ती पोटाला बाधते. आंबट रसात विरघळलेल्या तांब्याचा तो परिणाम. याच्यासाठीच कल्हई होती. भांडे भट्टीवर तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची, की पांढऱ्या धुराबरोबर आतला मळ निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वत्र फिरवावयाचा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि तांब्याला वितळावयास १०८५ अंश लागतात. या अंतरामुळेच हा खेळ रस्त्याच्या कडेला, हाताच्या भात्यावर शक्य होई. कल्हईवाला भांड्याच्या बाहेरच्या बाजूला कल्हई लावीत नसे. बाहेरचे पितळ घरातल्या माणसांनी हवे तसे घासावे. आत मात्र हात लावावयाचा नाही, ही वाटणी सर्वांना ठाऊक होती. पुढे स्टेनलेसची भांडी घरोघर आली, कल्हईवाल्याची आरोळी विरळ झाली आणि त्या आरोळीबरोबर ही वाटणीही विस्मरणात गेली.

कॉफी ही चवीला कडू लागली, तरी तिचा गुण किंचित आम्लच आहे. ती गाळणीतून अर्ध्या मिनिटात निघून जाते, हे खरे. म्हणून एका पेल्याने विषबाधा होईल असे भय घालण्याचे कारण नाही. परंतु यंत्रावर कापण्यासाठी जे पितळ वापरतात, त्यात ते सुबक कापले जावे म्हणून दोन-तीन टक्क्यांपर्यंत शिसे मिसळलेले असू शकते, आणि शिशाच्या बाबतीत अमुक इतके निर्धोक अशी मर्यादा वैद्यकशास्त्राने मान्य केलेली नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा उपद्रव सर्वांत अधिक. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे, त्याच गाळणीतून पेय घेणाऱ्या घराने आतला मुलामा घालवून बसावे, ही हौस पदरात पडण्याजोगी नव्हे. पितळेचा रंग हवाच असेल, तर बाहेरच्या दांड्याजवळचा भाग तेवढा उघडा करून आतला भाग झाकून घेण्यास पॉलिशवाल्यास बजावून सांगावे; अथवा आत पोलादी असलेली गाळणी निवडावी.

मुठीचा प्रश्न त्या मानाने आनंदाचा आहे. काळी मूठ बहुधा आट्यांवर फिरवून बसविलेली असते व फिरवून निघते. तिच्या जागी शिसवी किंवा सागवानी मूठ कोणताही चांगला कातारी करून देईल. आटे मात्र मुळच्या मुठीचेच मापून घ्यावेत, लाकडात सरळ आटे पाडण्याऐवजी आत धातूची नळी बसवावी. लाकूड वाफेने फुगते व वाळून चिरते. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात मुरवून दिले म्हणजे ते पुष्कळ काळ तग धरते. येथे एक गोड फसगत संभवते. सावंतवाडीच्या किंवा आंध्रातील एटिकोप्पाकाच्या लाखकामाच्या रंगीत मुठी फार मोहक दिसतात, आणि त्या चकाकत्या लाल-पिवळ्या रंगांत यंत्र खेळण्यासारखे खुलून दिसते. पण लाख ७५-८० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ होते. कॉफीचे पाणी नव्वदीच्या घरात असते. मुठीचे टोक बहुधा तितके तापत नाही. धातूला लागून असलेला भाग तापतो. पोलपाट-लाटण्याचा संच ज्या रंगात आयुष्यभर टिकतो, तोच रंग येथे पंधरा दिवसांत बोटांना चिकटू लागेल. यंत्राच्या वरच्या बाजूच्या बटनांना आणि थंड राहणाऱ्या खुंट्यांना लाखकाम शोभेल.

रंग बदलावयाचा असेल, तर पावडर कोटिंग हा प्रकार सध्या शहराशहरांत उपलब्ध आहे. विजेच्या भाराने रंगाची कोरडी पूड पत्र्याला चिकटवितात आणि पत्रा भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात. पूड वितळून एकसंध, टणक कवच होते. ब्रशच्या रंगापेक्षा ते शतपट टिकाऊ. अर्थात भट्टीत केवळ सुटा पत्राच जाऊ शकतो. रबराची वेटोळी, तारा, बटने, दाबमापक यांपैकी काहीही त्याला लागून राहता कामा नये. म्हणजे यंत्र पूर्ण सोडविणे आले, आणि ते पुन्हा जोडणेही आले. यातील एक धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सविस्तर सांगणे अवश्य आहे.

विजेच्या प्रत्येक धातूच्या यंत्रात हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार असते. ती आतल्या सांगाड्याला एका बोल्टने जखडलेली असते, आणि बाहेरचे पत्रे त्या सांगाड्याला स्क्रूंनी. आत कोठे तार उघडी पडून वीज पत्र्यात उतरली, तर ती याच वाटेने जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. ही वाट धातूला धातू टेकल्याने तयार झालेली असते. पत्र्याच्या सर्व बाजू, भोकांसकट, रंगाच्या कवचात गेल्या, की धातू धातूला टेकत नाही. यंत्र पूर्वीप्रमाणेच चालते, कॉफी पूर्वीप्रमाणेच निघते, पत्रा मात्र अर्थिंगपासून तुटलेला असतो. ओल्या ओट्यापाशी, ओल्या हातांनी वापरण्याच्या यंत्रात यापेक्षा वाईट दोष कोणता? उपाय अगदी साधा आहे. रंगापूर्वी बोल्टाची जागा आणि स्क्रू जेथे टेकतात ती कडी चिकटपट्टीने झाकावी, जोडणी झाल्यावर एखाद्या जाणत्या वायरमनकडून अर्थिंगचा संपर्क प्रत्येक पत्र्यापाशी तपासून घ्यावा, आणि मगच प्लग लावावा. ज्याला हे करणे जमणार नाही, त्याने पत्र्यावर चिकटणारी रंगीत प्लास्टिकची पातळ पट्टी लावून समाधान मानावे. तीही वरच्या तापणाऱ्या भागावर आणि हवेच्या झरोक्यांवर नको.

आणि बॉयलर. कलाकौशल्याला तेथे प्रवेश नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे गोल ठसे उमटविण्याचे जे मठारकाम चालते, त्याची चमक पाहून कोणालाही वाटेल, की आपल्या यंत्राच्या उघड्या तांब्याच्या बॉयलरवर हे ठसे असते तर काय बहार झाली असती. मठारकाम ही नुसती नक्षी नव्हे. घावागणिक तांबे दबून अधिक ताठ होते, आणि पाण्याच्या हंड्याला तो ताठपणा हवाच असतो. परंतु जोडकाम केलेल्या, दाबाखाली चालणाऱ्या पात्रावर घाव घातले, तर ताठ झालेले तांबे लवचिकपणा गमावते आणि सांध्याला तडा जाण्याची भीती उत्पन्न होते. वाफेच्या बॉयलरमधील पाणी हवेच्या दाबाहून एकपट अधिक दाबाखाली सुमारे १२० अंशांवर असते. सांधा सुटला तर त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होऊन बाहेर येतो. त्याच्यावरील सुरक्षा झडपेला रंगाचा थेंब लागणे, शोभेचे झाकण अडकणे किंवा गरुड बसविण्यासाठी ती हलविणे यांपैकी कशालाही हौस हे नाव देता येणार नाही. मठारकाम करवून घ्यावयाचे ते वेगळ्या पत्र्यावर, आणि तो पत्रा यंत्राच्या बाजूला बसवावा.

किंबहुना यंत्राच्या दोन बाजूंचे सपाट पत्रे हीच कारागिराची खरी भूमी होय. हैदराबादपासून दीडशे किलोमीटरच्या आत बिदर आहे. जस्तात तांब्याचा थोडा अंश मिसळून, साधारणतः सोळास एक या प्रमाणात, ओतलेल्या धातूवर कोरीव रेघांत चांदी ठोकून बसविण्याचे तेथील बिदरी काम हैदराबादेतही चालते. सर्वांत शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या कढत द्रवाने ती वस्तू माखली, की जस्ताचा धातू कायमचा काळा होतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. कल्हईवाल्याचाच नवसागर, परंतु तेथे तो उजळवतो आणि येथे काळे करतो! तळहाताएवढी बिदरी पट्टी यंत्राच्या कुशीला लावली, तर शेजारचे सारे क्रोम फिके वाटेल. ती गाळणीपासून आणि वाफनळीपासून दूर असावी व भांड्यांच्या साबणाने घासू नये. अधूनमधून खोबरेल तेलाचे बोट फिरविले म्हणजे काळेपणा टवटवीत राहतो. तेलंगणातील जनगाव जिल्ह्यातल्या पेंबर्ती गावी पितळी पत्र्यावर उठावाची नक्षी करतात, तोही पर्याय आहे. मंदिरांच्या रथांना आणि दारांना मढविणारी ही कला एका कॉफीयंत्राच्या पत्र्याला कमीपणा आणणार नाही, आणि कारागिराला दोन दिवसांचे काम मिळेल.

कारागिराचा उल्लेख निघालाच आहे, तर एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. जुना मुलामा गेलेल्या भागावर नव्याने क्रोम चढविण्याचे काम बऱ्याच ठिकाणी अंधाऱ्या, कोंदट गाळ्यांत चालते. त्या टाकीतील क्रोमियमचे आम्ल कर्करोगकारक आहे आणि त्याच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला छिद्र पडते. पॉलिशच्या चाकावरून उडणारी धूळही छातीत जाते. हातमोजे, मुखपट्टी आणि टाकीवर धूर ओढून घेणारा पंखा ज्या गाळ्यात दिसेल, तेथे चार पैसे जास्त पडले तरी काम तेथेच द्यावे. आपल्या घरच्या चकाकीसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसाचा हिशेब न पाहणारा ग्राहक वजनात मात्र एका तोळ्याचा फरक सोडत नाही.

इतके सारे सांगून झाल्यावर पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. यंत्रावर नाव घालता येते का? येते, पण पद्धत थोडी बदलावी लागते. तपेल्याच्या जाड पितळेला छिन्नीचा घाव सोसतो. यंत्राचा पत्रा पातळ असतो. त्यावर टिंबे ठोकली तर पत्रा आत दबून अक्षरांभोवती खळगे पडतात आणि उजेडात ते वेडेवाकडे चमकतात. पत्रा काढून त्याच्याखाली लाकडाचा सपाट ठोकळा देऊन काम केले, तर हे टळते. थरथरती लेखणी पातळ पत्र्यावरही चालते. रंग किंवा क्रोम असलेल्या भागावर मात्र काहीही कोरू नये. तेथून पापुद्रा सुटण्यास आरंभ होतो. आणि यंत्राच्या पाठीमागे वीजदाब, वॅट आणि अनुक्रमांक सांगणारी जी पट्टी असते, ती कितीही कुरूप वाटली तरी काढून टाकू नये; दुरुस्तीच्या वेळी तिच्यावाचून अडते.

सर्वांत उत्तम म्हणजे दोन बोटे रुंद अशी जाड पितळेची पट्टी वेगळी घेऊन तिच्यावर जुन्या हाताने, छिन्नीच्या टिंबांनी नाव घालून घ्यावे आणि ती दोन बारीक स्क्रूंनी किंवा उष्णता सोसणाऱ्या चिकट फितीने दर्शनी बाजूला बसवावी. घरगुती यंत्राचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे; पट्टी काढून पुढच्या यंत्राला लावता येईल.

बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांत मोडीचे तराजू असतात. जुने तांबेपितळ वजनावर देऊन गिऱ्हाईक नवे पोलाद घेऊन जाते. त्या ढिगात कधी एखादे कल्हई उडालेले तपेले वर आलेले दिसते, आणि त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांत कोण्या सौभाग्यवतीचे नाव, गाव आणि साल अजून वाचता येते. दुकानदार ते वाचीत नाही. पारड्यात ठेवतो आणि वजन करतो.